पिस्तूल निवडताना आधी मूठ, मग फ्रेम, नाव सगळ्यात शेवटी

पार्डिनी की वॉल्थर की मोरिनी, कुठल्या कंपनीचं पिस्तूल घेऊ, असं रेंजवर कुणी विचारलं की मी म्हणते, "आधी हात दाखवा." समोरच्याला वाटतं बाई भविष्य सांगतेय. मला फक्त बोटं किती लांब आहेत ते बघायचं असतं.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, हाइट गेज आणि सप्लायरशी वाद. सुट्टीच्या दिवशी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल. माझा हात लहान आहे. बहुतेक पिस्तुलं मात्र माझ्याहून मोठा पंजा डोळ्यांसमोर ठेवून केलेली, त्यामुळे मूठ आणि फ्रेम (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो सांगाडा) यांच्याकडे बारकाईने बघण्यावाचून मला गत्यंतरच नव्हतं. त्यातून तयार झालेली ही पद्धत. क्लबातल्या मुलांना हीच सांगते आणि त्यांच्या आईबाबांनाही, कारण पैसे तेच भरणार असतात.

विषय सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांचा आहे. गोळी सुटली की स्लाइड किंवा बोल्ट (नळीवर किंवा नळीमागे सरकणारा भाग) आपोआप मागे जातो, रिकामी केस बाहेर टाकतो, पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, भरतो. पुढच्या गोळीसाठी ट्रिगर पुन्हा ओढावा लागतो. आपल्याकडे खेळात याचा अर्थ मुख्यतः .२२ एलआर, म्हणजे ५.६ मिलिमीटरची स्पोर्ट पिस्तुलं. १० मीटरचं एअर पिस्तूल यात बसत नाही, पण मुठीबद्दल जे लिहितेय ते त्यालाही बरंचसं लागू पडतं, आणि मुलांची सुरुवात त्यानेच होते. मधूनमधून फौजी पिस्तुलांची उदाहरणं येतील. ती घ्या असं मी सुचवत नाहीये. ९ एमएम हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. पण मूठ कशी असावी याचं बरंचसं शहाणपण तिथूनच आलंय.

हात लावण्याआधीचं आधी. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्याने बघा, उजेड कमी असेल तर करंगळीने चेंबरचं तोंड चाचपून बघा. समोरच्याने आपल्या देखत तपासलेलं असलं तरी हातात आल्यावर आपण परत तपासायचं. यात कुणाचा अपमान होत नाही. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. आणि .२२ रिमफायरचा (काडतुसाच्या काठावर ठोका बसून गोळी सुटते असा प्रकार) ट्रिगर रिकाम्या चेंबरवर विचारल्याशिवाय ओढू नका. बऱ्याच मॉडेलांत फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ दबतो. टार्गेट पिस्तुलांना ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर ओढायची, वेगळी सोय असते, ती कशी लावायची ते मालकाकडून समजून घ्या.

हाताची मापं

दोन मापं पुरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या खोबणीला रेंजवर आम्ही वेब म्हणतो. तिच्या मध्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचं अंतर हे पहिलं माप. तर्जनी ट्रिगरवर असते तशी किंचित वाकवून घ्यायचं. दुसरं, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांची मिळून रुंदी, कारण मुठीवर पकड असते ती या तिघांची. शिंप्याची टेप चालते. शिवाय कोऱ्या कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने आराखडा काढून ठेवा. हातावर मूठ बेतून देणारे कारागीर तोच मागतात.

मापं कधी घेता यालाही महत्त्व आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी रेंजवर आलात तर नाशकात बोटं आखडलेली असतात. निफाडकडून येणारी मुलं तर पहिला अर्धा तास हात चोळण्यातच घालवतात. तीच मूठ एप्रिलच्या दुपारी घट्ट होते आणि घामाने निसरते. म्हणून मापं आणि तुलना, दोन्ही हात गरम झाल्यावर, थोडी ड्राय प्रॅक्टिस झाल्यावर करा. थंडीत "फिट्ट बसली" म्हणून घेतलेली मूठ उन्हाळ्यात चावते.

वेब किती वर जाते

पिस्तूल टेबलावरून उचलून सरळ मुठीत धरू नका. डाव्या हाताने फ्रेम पुढून धरा, उजव्या हाताची वेब मुठीच्या पाठीवर जितकी वर जाईल तितकी सरकवा, मगच बोटं गुंडाळा. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं, सवय असेलच.) हा क्रम रोज तोच ठेवला तरच दोन पिस्तुलांची तुलना खरी ठरते. नाहीतर आपण पिस्तुलांची नाही, आपल्याच दोन वेगळ्या पकडींची तुलना करत बसतो.

आता बाजूने बघा, किंवा कुणाला तरी फोटो काढायला सांगा. वेबपासून नळीची मध्यरेषा किती उंच आहे? ही उंची जितकी जास्त, तितकी धक्क्याला तरफ मोठी मिळते आणि नळीचं तोंड जास्त उसळतं. सीझेड ७५ या झेक पिस्तुलाची स्लाइड फ्रेमला बाहेरून कवटाळत नाही, फ्रेमच्या आतल्या बाजूने धावते. त्यामुळे नळी हाताच्या जवळ बसते. टार्गेट पिस्तुलं बनवणारेही नळी शक्य तितकी खाली आणायला बघतात, पण त्याला मर्यादा आहे: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटरच्या नियमांत नळीचा अक्ष वेबच्या वरूनच गेला पाहिजे.

तुम्ही कुठला इव्हेंट खेळता त्यावर या उंचीची किंमत ठरते. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायच्या असतात. तिथे उसळलेली नळी परत जागेवर येईपर्यंत वेळ संपतो. स्पोर्ट पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट दर वेळी तीन सेकंद दिसतं आणि एकच गोळी मारायची असते. त्यामुळे आमच्या इव्हेंटमध्ये मी या मुद्द्याला दुसऱ्या रांगेत बसवते.

मुठीच्या माथ्यावर मागे जी जीभ बाहेर येते ती बीव्हरटेल. ती वेबवरचा दाब पसरवते, हाताची उंची रोज एकसारखी ठेवते आणि उघड्या हॅमरच्या (मागच्या, ठोका देणाऱ्या घोड्याच्या) पिस्तुलांत हात वाचवते. ब्राउनिंग हाय-पॉवर या बाबतीत बदनाम आहे, मोठ्या मांसल हाताला तिचा हॅमर चिमटा काढतोच. बीव्हरटेलखाली बोट फिरवून बघा. कड धारदार असेल तर पन्नास-साठ गोळ्यांनंतर वेब लाल होते आणि मन ट्रिगरवर राहत नाही.

ट्रिगरपर्यंतची पोच

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि मुलांची सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते.

नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील असं पिस्तूल धरा. वरून बघा, रेष सरळ आहे ना. मग पकड न बदलता तर्जनी ट्रिगरवर न्या. पहिल्या पेराच्या मधला मांसल भाग ट्रिगरच्या मध्यावर यायला हवा, आणि बोटाचा मागचा भाग फ्रेमला चिकटता कामा नये. मी मध्ये पोस्टकार्ड सरकवून बघते. न अडता गेलं तर ठीक. बोट फ्रेमला घासत असेल तर ट्रिगर ओढताना ते फ्रेमलाही थोडं बाजूला ढकलतं, आणि मग गोळ्या एका अंगाला का जातात म्हणून माणूस साइटचे (नेम धरायच्या खुणांचे) स्क्रू फिरवत बसतो.

हात लहान असेल तर काय होतं? बोट पोचावं म्हणून नकळत अख्खं पिस्तूल पंजात फिरवलं जातं. मुठीची पाठ तळव्याच्या मधून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर येते, नळी हाताच्या रेषेतून बाहेर जाते. बघणाऱ्याला पोज छान दिसते. गोळ्यांचा ग्रुप मात्र कधी इकडे, कधी तिकडे.

यावरचं सगळ्यात चांगलं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. अमेरिकन सैन्याने कोल्ट १९११ घेतलं, ते पहिल्या महायुद्धात वापरलं, आणि अनुभवांती त्यात सुधारणा करून १९११ए१ आणलं. काय बदललं? ट्रिगर आखूड केला. ट्रिगरच्या मागे फ्रेमच्या दोन्ही बाजू खोलगट कापल्या, बोटाला वाट मिळावी म्हणून. ग्रिप सेफ्टीची (मुठीच्या पाठीवरच्या, पकडीने दबणाऱ्या खटक्याची) शेपटी लांब केली, हॅमरने हात चावू नये म्हणून. मुठीच्या पाठीचा खालचा भाग सपाट होता तो फुगीर केला, पिस्तूल उचलल्यावर नळी खाली झुकते अशी ओरड होती म्हणून. काडतूस तेच, नळीची आणि स्लाइडची यंत्रणा तीच. मोठे बदल सगळे हात जिथे लागतो तिथले. आणि गंमत बघा, आज १९११ च्या धर्तीवर नव्याने बनणाऱ्या कितीतरी पिस्तुलांत पाठ पुन्हा सपाट आहे, कारण बऱ्याच नेमबाजांना तीच आवडते. सरासरी हाताला योग्य ठरलेली मूठ तुमच्या हाताला योग्य असेलच असं नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

टार्गेट पिस्तुलांत ट्रिगरची पाती पुढेमागे सरकते, थोडी वळवताही येते. त्यामुळे "बोट पोचत नाही" असं लिहून पिस्तूल बाद करण्याआधी पाती मागच्या टोकाला आणून बघा. त्यानंतरही पोचत नसेल तर मात्र नाद सोडा. दुसरं म्हणजे, एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असतो, स्पोर्ट पिस्तूलचा १,००० ग्रॅमचा. दहा मीटरवरून आलेल्या मुलाला तो जड लागतो आणि तो खापर मुठीवर फोडतो. दोन्ही तक्रारी वहीत वेगळ्या लिहा.

मुठीचा कोन

स्पोर्ट पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात हात खाली, ४५ अंशांत धरून उभं राहायचं. टार्गेट वळलं की तीन सेकंदांत हात वर, साइट जुळवा, गोळी मारा. मग सात सेकंद थांबा. मनगट हलवून साइट जुळवायला तिथे वेळच नसतो. हात वर आला की साइट जुळलेल्याच हव्यात. हे काम कोनाचं.

चाचणी अशी: टार्गेटकडे बघून उभे राहा, हात ४५ अंशांत, डोळे मिटा. हात नेहमीच्या उंचीपर्यंत उचला, एक श्वास घ्या, डोळे उघडा. आता काय दिसतं ते नीट बघा. पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मध्ये, वरच्या कडा समतल, पण सगळं मिळून टार्गेटच्या डावीकडे असेल तर दोष मुठीचा नाही. मागचा पाय थोडा सरकवा. पुढची साइट खाचेच्या वर डोकं काढून उभी असेल तर मूठ तुमच्या मनगटाला जास्त तिरकी आहे. खाचेत बुडाली असेल तर कमी तिरकी. पुढची साइट खाचेत एका कुशीला गेली असेल तर जाडी किंवा पंजाचं वळण जुळत नाहीये. हे पाच-सहा वेळा करा. एकदा जुळलं तर तो योगायोगही असू शकतो.

कोनाच्या बाबतीत एक चांगला आणि एक वाईट असं नसतं. जर्मन लुगरची मूठ खूप तिरकी, १९११ ची त्यामानाने उभी. ग्लॉकची १९११ पेक्षा तिरकी, म्हणून १९११ ला सरावलेल्या माणसाने ग्लॉक उचललं की नळी वर बघते. रुगर कंपनीचं .२२ चं जुनं पिस्तूल लुगरसारख्या कोनाचं होतं; ज्यांच्या हाताला १९११ बसलेलं होतं त्यांच्यासाठी कंपनीने २२/४५ नावाची वेगळी फ्रेमच काढली. ऑलिंपिक पद्धतीच्या काही पिस्तुलांत मूठ सैल करून कोन थोडा बदलता येतो. तशी सोय असेल तर चाचणीआधी मालकाला विचारूनच स्क्रूला हात लावा, आणि आधीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. दुसऱ्याचं जुळवलेलं पिस्तूल बिघडवून परत देणं यासारखं शत्रुत्व नाही.

तळवा, अंगठा आणि खालचा टेकू

टूलरूममध्ये दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला निळा रंग लावतात. एका भागाला ब्लू चोळायचं, दुसरा त्यावर बसवायचा, उचलून बघायचं: डाग जिथे उठला तिथे स्पर्श, बाकी हवा. मुठीसाठी मी तेच टाल्कम पावडरने करते. मूठ लाकडी आणि गडद असेल तर उत्तम.

मागच्या थंडीत आमच्या क्लबातली एक नववीतली मुलगी म्हणाली, "ताई, शेवटच्या दोन सिरीजला करंगळी दुखते आणि मग सगळं खाली जातं." मूठ मध्यम मापाची, तिच्या हाताला दिसायला बरोबर. तिच्या पंजाला पावडर लावली, नेहमीसारखी पकड घ्यायला सांगितली, दहा सेकंद धरून सोडायला लावली. मुठीवर अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा ठसा, अनामिकेच्या टोकाचा एक, करंगळीचा एक अगदी ठळक. तळव्याच्या मध्ये रुपयाच्या दोन नाण्यांएवढी जागा कोरडी, पावडरचा कणही नाही. म्हणजे तळवा मुठीला टेकतच नव्हता. पिस्तूल तीन टोकांवर लटकलं होतं आणि ते सांभाळायचं ओझं करंगळीवर आलं होतं. तिने करंगळीचे व्यायाम चालू केले होते, बिचारीने.

तिथे भर घातली. मूठ काढून लाकूड खरवडून घेतलं, एम-सीलचा गोळा मळून कोरड्या जागेवर पातळ थर बसवला, हाताला स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून तिने पकड घेतली आणि सोडली. पुरतं वाळल्यावर आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पावडर. एका बैठकीत होत नाही. थर थोडा घालायचा, मारून बघायचं, पुन्हा घालायचा किंवा घासायचा. भर घालणं सोपं आहे, लाकूड एकदा कापलं की परत येत नाही, म्हणून कानस शेवटी हातात घ्या. आणि हे फक्त सुट्या होणाऱ्या मुठीवर. पॉलिमरच्या फ्रेमला कानस किंवा तापलेली सळई लावायच्या फंदात पडू नका, ती फ्रेम म्हणजे शस्त्राचाच भाग आहे.

स्वतः बदल करताना नियम विसरू नका. मुठीचा कुठलाही भाग हाताला वेढणारा चालत नाही. मनगटाला आधार मिळता कामा नये. तळव्याखालचा टेकू मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, त्याची कड वर वळवलेली नको. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्याच्या तपासणीला) हे सगळं बघतात, पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसतं का तेही. भर घालण्याच्या उत्साहात जाडी ५० च्या पुढे गेली की घासायला पॉलिश पेपर मागत फिरावं लागतं.

टेकूबद्दल माझं मत: तो तळव्याच्या कडेला हलकेच लागावा, दाबू नये. घट्ट टेकू सुरुवातीला फार सुखाचा वाटतो, पिस्तूल जणू हातातून सुटणारच नाही. पण रॅपिडला हात उचलताना तोच टेकू पकड वर ढकलतो. प्रिसिजनला (सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याला) आवडलेला टेकू रॅपिडमध्ये तपासल्याशिवाय पास करू नका.

खरखरीतपणा: घाम येणाऱ्या हाताला टोचून खडबडीत केलेली लाकडी मूठ बरी, कोरड्या हाताला थोडी गुळगुळीत चालते. बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी दिसायला छान, पण त्या खाचा दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या असतात. ग्लॉकनेही तिसऱ्या पिढीत पुढच्या बाजूला बोटांच्या खाचा दिल्या होत्या, त्या पाचव्या पिढीत काढून टाकल्या.

आता फ्रेम

मूठ पास झाली तरच फ्रेमकडे वळायचं. पहिला प्रश्न: मॅगझिन कुठे आहे? फौजी पिस्तुलांत ते मुठीच्या पोटात असतं. हॅमर्ली २०८, स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१, रुगर यांच्यातही तसंच. म्हणजे मुठीची जाडी आणि कोन मॅगझिन ठरवतं, लाकूड फक्त वरून चढवायचं. पार्डिनी एसपी आणि वॉल्थर जीएसपी यांच्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे. त्यामुळे मूठ हे निव्वळ लाकूड. हवं तसं कोरा, हवं तिथे भरा. शिवाय वजन पुढे जातं, नळी स्थिर राहते. लहान हाताला, आणि ज्याला मूठ पुन्हा पुन्हा बदलायची आहे त्याला, मी दुसऱ्या प्रकाराची बाजू घेते. पहिल्या प्रकारची पिस्तुलं हाताला अधिक आटोपशीर वाटतात, हे मात्र खरं.

मुठीतल्या मॅगझिनमध्ये काडतुसं एका ओळीत आहेत की दोन, यावर फ्रेमची रुंदी ठरते. हाय-पॉवरने १९३५ साली दोन ओळींचं १३ काडतुसांचं मॅगझिन आणलं आणि तरी मूठ हातात मावेल अशी ठेवली, म्हणून तिचं कौतुक. आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ एमएम १ए पिस्तूल तिच्याच घराण्यातलं. पोलिसांच्या हातात ते पाहिलं असेल.

फ्रेम कशाची? पोलाद जड, पण धक्का पितं. अॅल्युमिनियमची फ्रेम मधली. पॉलिमर हलकी. ग्लॉक १७ रिकामं साधारण ६३० ग्रॅम, पोलादी १९११ साधारण १,१०० ग्रॅम, म्हणजे फरक जवळपास अर्ध्या किलोचा. पॉलिमर फ्रेमचं पहिलं पिस्तूल ग्लॉक नव्हे. हेकलर अँड कॉखचं व्हीपी७० त्याआधीचं. पॉलिमरचा मुठीच्या दृष्टीने फायदा असा की पाठीचा तुकडा सुटा करता येतो. वॉल्थर पी९९ ने नव्वदच्या दशकात बदलता येणारी पाठ दिली, पुढे ग्लॉकने चौथ्या पिढीपासून. सिग पी३२० मध्ये तर नंबर असलेली ट्रिगर यंत्रणाच सुटी निघते आणि वेगळ्या मापाच्या मुठीत बसते. खेळाच्या .२२ मध्ये मात्र पॉलिमरच्या हलकेपणाचं मला आकर्षण नाही. स्पोर्ट पिस्तूलला १,४०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि पुढे थोडं वजन असलेलं पिस्तूल हवेत कमी डोलतं.

अर्थात पेलवलं तर. पिस्तूल रिकामं, हात सरळ, साइट जुळवून तीस सेकंद धरा. शेवटच्या दहा सेकंदांत पुढची साइट खाली बुडायला लागली तर ते वजन तुमच्या खांद्याला आज जास्त आहे. सुटी वजनं काढता येत असतील तर काढून परत बघा. मुलांसाठी हलकं सुरू करून वर्षभराने वजन घालता येतं.

फ्रेम आणि स्लाइडची बैठक बघायला स्लाइड डावी-उजवीकडे हलवून बघतात. वापरलेल्या पिस्तुलात हे जरूर करा. थोडा खेळ चालतो, कडकड आवाज चालत नाही. टार्गेट पिस्तुलांत साइट बहुधा नळीच्याच घरावर असतात, मागेपुढे फिरतो तो फक्त बोल्ट, त्यामुळे तिथे या चाचणीला फारसा अर्थ नाही. तिथे मुठीचा स्क्रू, साइटचे स्क्रू आणि मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) तपासा.

बाकी बटणं. मॅगझिन सोडायचं बटण पकड न मोडता अंगठ्याला सापडतं का, एवढं बघून पुढे जा. डावखुऱ्यांनी डावी मूठ मिळते का ते आधी विचारा, नंतर नाही. फ्रेमच्या पुढे दिव्यासाठी असलेली पट्टी खेळात निरुपयोगी.

पिस्तुलं आणि कागद

तुलना करायला एका जागी चार-पाच पिस्तुलं मिळणं हीच खरी अडचण. नाशकात क्लबचं जे असेल ते आणि दोन-तीन मोठ्या खेळाडूंची स्वतःची. म्हणून स्पर्धेला जा, खेळायचं नसलं तरी. वरळीला कॅप्टन इझिकेल स्पर्धेला किंवा बालेवाडीला राज्यभरातले लोक येतात. त्यांची मॅच संपल्यावर, रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन, नम्रपणे विचारा. बहुतेक जण हातात देतात, आणि न विचारता स्वतःच्या मुठीची अख्खी कहाणीही सांगतात.

वहीत प्रत्येक पिस्तुलाला एक पान: पोस्टकार्ड गेलं का, डोळे उघडल्यावर साइट कुठे होती, पावडरचे ठसे (फोटो चिकटवा), तीस सेकंदांनंतर काय झालं. किंमत आणि कंपनीचं नाव पानाच्या मागे लिहा. वर लिहिलं की डोळे आधी तिकडेच जातात. आणि एका दिवशी तीनपेक्षा जास्त पिस्तुलं हाताळू नका, चौथ्याला हात दमलेला असतो आणि हलकं पिस्तूल उगाच जिंकतं.

परवान्याचं थोडक्यात. .२२ पिस्तुलाला शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू. वयाची अट २१ वर्षं. त्याखालच्या मुलांचा सराव क्लबच्या शस्त्रावर, देखरेखीखाली. नाशिक शहराच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. परदेशी टार्गेट पिस्तूल आयात करायचं तर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वर्गवारीत नाव लागतं, म्हणजे आधी स्कोअर. तोवर पिस्तूल क्लबचं असलं तरी मूठ स्वतःची घेता येते का ते क्लबला विचारा. एकाच पिस्तुलावर तिघीजणी आपापली मूठ चढवून खेळतात, स्क्रू एक आणि पाना एक. फक्त मूठ बदलल्यावर पाच गोळ्या प्रिसिजन टार्गेटवर मारून साइट तपासायची, आणि आपली मूठ पावसाळ्यात पिशवीत ओली ठेवायची नाही. लाकूड फुगलं की फ्रेमवर पुन्हा नीट बसत नाही.